यंत्रावर आत्ता कोण आहे?

युनिक्सच्या पहिल्या हस्तपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. फाइलची नक्कल करणं, फाइल्सची यादी पाहणं, नको ती पुसून टाकणं अशा रोजच्या कमांड्सच्या जोडीला तिच्यात ‘हू’ नावाची एक छोटी कमांड सापडते. या घटकेला यंत्रावर कोणकोण लॉगइन आहे ते सांगणं, एवढंच तिचं काम. ज्या पीडीपी-११ यंत्रासाठी ती लिहिली गेली, ते न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे बेल लॅब्जमध्ये होतं. केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी त्यावर नवी संगणकप्रणाली घडवत होते, आणि त्याच यंत्रावर पेटंट विभागातले टंकलेखक अर्जांचे मसुदे टाइप करत होते. एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या मेमरीत ढवळाढवळ करण्यापासून रोखणारी सोय त्या यंत्रात नव्हती. एखाद्याचा अर्धाकच्चा प्रोग्राम बिघडला की सगळ्यांचंच काम बसायचं. म्हणून नवा प्रोग्राम चालवण्याआधी खोलीत ओरडून सांगायची पद्धत पडली होती. अशा जागी ‘आत्ता इथे अजून कोण आहे?’ हा प्रश्न शेजारधर्मातला होता.

हे पुस्तक त्या प्रश्नाचं आहे, आणि त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्याही: यंत्रावर आत्ता काय चाललंय? त्यासाठी लागणाऱ्या कमांड्स मोजक्याच आहेत. हू, डब्ल्यू, लास्ट, पीएस, टॉप, किल. एका दुपारी तोंडपाठ होतात. मग त्यांच्यावर अख्खं पुस्तक कशाला, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. माझं उत्तर असं की कमांड पाठ होते, पण तिचं उत्तर कुठून आलं हे पाठांतरात येत नाही. ‘हू’ एक वही वाचून दाखवते. ‘पीएस’ कर्नलला विचारून सांगते. दोघींच्या शब्दाला सारखं वजन देणारा अॅडमिन कधी ना कधी फसतो, आणि बहुधा रात्रपाळीत फसतो.

आधी त्या वहीबद्दल. तिचं नाव यूटीएमपी. सोसायटीच्या गेटवर जशी आलेल्या-गेलेल्यांची वही असते, तशीच ही. कुणी लॉगइन झालं की लॉगइन करवून देणारा प्रोग्राम (आता बहुतेक ठिकाणी तो एसएसएचचा असतो) त्यात नाव, टर्मिनल, वेळ आणि कुठून आला ते लिहितो; माणूस बाहेर पडला की नोंद मोकळी करतो. ‘हू’ फक्त ही वही उघडते आणि ओळी छापते. प्रत्यक्ष कोण आत आहे हे ती तपासायला जात नाही. त्यामुळे वहीचे सगळे दोष तिच्या उत्तरात उतरतात. टर्मिनल उघडणारा प्रोग्राम मध्येच मेला, तर गेलेला माणूस वहीत बसलेलाच राहू शकतो. उलट बाजूने, गेटवर वही न भरता आत जाण्याच्याही वाटा आहेत, आणि त्या चोरवाटा नव्हेत. एसएसएचवरून नुसती फाइल पाठवली किंवा एकच कमांड दूरवरून चालवली, तर टर्मिनल दिलं जात नाही आणि वहीत नोंदही होत नाही. क्रॉनने मध्यरात्री सुरू केलेलं काम वहीत नसतं. लॉगइन करून नंतर दुसऱ्याच्या खात्यात शिरलेला माणूस वहीत आपल्या मूळ नावानेच दिसतो. ‘हू’ने रिकामा पडदा दाखवला म्हणजे सर्व्हर रिकामा आहे, असं समजून तो रीस्टार्ट करणाऱ्याला मग कुणाची तरी अर्धवट तुटलेली फाइल-रवानगी निस्तरावी लागते.

‘डब्ल्यू’ ही बर्कलीच्या युनिक्समधून आलेली कमांड ‘हू’पेक्षा बोलकी. कोण आहे याबरोबर तो काय करतोय आणि किती वेळ गप्प आहे हेही ती सांगते. हा गप्प वेळ मोजायची युक्ती मला फार आवडते. टर्मिनल ही युनिक्सच्या लेखी एक फाइलच असते, आणि त्या फाइलला शेवटचा हात कधी लागला यावरून निष्क्रियतेचा हिशेब निघतो. म्हणजे समोर बसून तासभर लांबलचक लॉग डोळ्यांत तेल घालून वाचणारा माणूस, कळ न दाबल्यामुळे, झोपलेला दिसू शकतो. ‘बराच वेळ निष्क्रिय आहे, काढून टाका याला’ असं ठरवण्याआधी हे आठवावं.

वेळेच्या रकान्याबद्दल एक कोरडी पण कामाची सूचना. पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून परदेशातले सर्व्हर सांभाळणाऱ्यांची संख्या आता मोठी आहे, आणि बरेचसे सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असतात. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. पडद्यावर रात्री ८:३० दिसणारं लॉगइन पुण्यातल्या पहाटे दोनचं असतं, आणि तारीखही बदललेली असते. ‘काल संध्याकाळी कोण शिरलं होतं?’ या प्रश्नावर दोन सहकारी भांडताना दिसले, तर आधी घड्याळं जुळवून घ्यावीत.

‘हू’च्या बाबतीत युनिक्सवाल्यांची थट्टेखोर वृत्तीही दिसते. ‘हू अॅम आय’ असं लिहिलं की कमांड फक्त तुमच्या टर्मिनलची ओळ दाखवते. पण ग्नूची आवृत्ती ते शब्द वाचतच नाही. कोणतेही दोन शब्द आले की तेच उत्तर. तिच्या अधिकृत माहितीपानावर ‘हू मॉम लाइक्स’ हाही पर्याय नेहमीचा म्हणून गंभीर चेहऱ्याने नोंदवलेला आहे.

लॉगइन केलेल्या माणसांची चौकशी ही केवळ व्यवस्थापकाची गरज नव्हती. १९७१ च्याच सुमारास स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी ‘फिंगर’ हा प्रोग्राम लिहिला. तो नावापुढे माणसाचं खरं नाव आणि तो किती वेळ गप्प आहे ते दाखवायचा. पुढे प्रत्येकाला ‘प्लॅन’ नावाची फाइलही मिळाली, तिच्यात ‘दोन आठवडे गावाला आहे’ असं लिहून ठेवता यायचं. ही सोय पुढे युनिक्समध्ये आली आणि नेटवर्कवरून परक्या यंत्रालाही विचारता येऊ लागली. सहकारी जागेवर आहे का, हे दुसऱ्या शहरातून कळणं ही तेव्हा मोठी गंमत होती. त्या उघड्या दारातून काय आत आलं ते पुढे सांगतो.

आता दुसरा प्रश्न. चालू असलेला प्रत्येक प्रोग्राम म्हणजे एक प्रोसेस, तिला एक क्रमांक, एक मालक आणि एक जन्मदाती प्रोसेस. ‘पीएस’ त्यांची यादी देते. आधीच्या काळात ती थेट कर्नलच्या मेमरीत डोकावायची. त्यासाठी तिला खास अधिकार द्यावे लागत, आणि कर्नल बदलला पण तिच्याकडचा नकाशा जुनाच राहिला तर ती भलतंसलतं छापायची. १९८४ मध्ये बेल लॅब्जच्या टॉम किलियन यांनी प्रोसेसनाच फाइलचं रूप द्यायची कल्पना मांडली. ‘प्रॉक’ नावाच्या डिरेक्टरीत प्रत्येक प्रोसेससाठी एक जागा, तिथे डोकावलं की सगळं दिसतं. लिनक्सने ही कल्पना आणखी पुढे नेली. तिथे प्रोसेसच्या क्रमांकाची डिरेक्टरी उघडून साध्या मजकुरासारखी तिची माहिती वाचता येते, आणि लिनक्सवरची ‘पीएस’ हेच करते. हे एकदा हाताने करून पाहिलं की ‘पीएस’बद्दलची भीती जाते. प्रोग्रामची मूळ फाइल डिस्कवरून पुसलेली असून प्रोसेस मात्र जिवंत आहे, हेही तिथेच कळतं. प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवल्यावर जुनी प्रोसेस चालू राहिली की असं होतं. घुसखोरही मागे खूण राहू नये म्हणून हीच युक्ती करतो. दोन्ही शक्यता मनात ठेवाव्यात.

‘पीएस’पुढे लावायच्या अक्षरांचा गोंधळ नवशिक्यांना छळतो. कुणी ‘ए-यू-एक्स’ लिहितं, तेही आडवी रेघ न देता. कुणी रेघ देऊन ‘ई-एफ’. पहिली रीत बर्कलीची, दुसरी एटी अँड टीची, आणि लिनक्स दोन्ही चालवून घेतो. वरवर पाहता हा केवळ सवयीचा भाग. पण या सवयीने एकदा एका हेरगिरीच्या प्रकरणाला वळण दिलं, म्हणून तिथे थोडं थांबतो.

१९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल हे खगोलशास्त्रज्ञ संगणक विभागात नुकतेच आले होते. तिथे प्रत्येकाच्या संगणकवापराचा पैशांत हिशेब ठेवला जाई. त्या हिशेबात ७५ सेंटचा फरक निघाला, आणि तो शोधायचं काम नव्या माणसाकडे आलं. शोधता शोधता असं खातं सापडलं ज्याच्या मालकाचा बिलासाठी पत्ताच नव्हता. मग रजेवर परदेशी असलेल्या एका सहकाऱ्याचं खातं कुणीतरी वापरताना दिसलं. घुसखोर आत आला की आधी कोण लॉगइन आहे आणि कोणत्या प्रोसेस चालू आहेत हे पाहून घ्यायचा, म्हणजे अॅडमिन जे करतो तेच. प्रोसेस पाहताना तो ‘पीएस’ला ‘ई-ए-एफ-जी’ अशी अक्षरं देत असे. यातल्या ‘एफ’ला बर्कलीच्या युनिक्समध्ये काही अर्थ नव्हता, एटी अँड टीच्या युनिक्सवर हात बसलेला माणूसच ते अक्षर लावणार. स्टॉल यांच्या एका सहकाऱ्याने हे हेरलं आणि सांगितलं, हा इथला कुणी विद्यार्थी नाही. पुढे तपास पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत गेला. मार्कुस हेस नावाचा तरुण अमेरिकी लष्करी संगणकांमधून माहिती काढत होता आणि ती माहिती सोव्हिएत केजीबीला विकली जात होती. स्टॉल यांनी १९८९ मध्ये यावर पुस्तक लिहिलं, ‘द ककूज एग’ नावाचं. ते अजूनही वाचावं असं आहे.

त्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते स्टॉल यांचं एक साधं शहाणपण. घुसखोराकडे सर्वाधिकार आहेत हे कळल्यावर त्यांनी त्याच यंत्रावर पहारा बसवायचं टाळलं. पाळत ठेवणारा प्रोग्राम त्या यंत्रावर चालवला असता तर तो घुसखोराच्या ‘पीएस’मध्ये दिसला असता. म्हणून सुट्टीच्या दोन दिवसांत त्यांनी इमारतीतून पन्नासेक प्रिंटर आणि टर्मिनलं गोळा केली, बाहेरून येणाऱ्या फोनलाइनींना जोडली, आणि येणारं अक्षर न् अक्षर कागदावर उतरवून घेतलं. ज्याच्यावर संशय आहे त्याच्या हातातल्या यंत्राला साक्षीला बोलवायचं नाही, हा धडा आजही जसाच्या तसा लागू आहे. १९९० च्या दशकात तर घुसखोरांची तयार पेटीच मिळू लागली. आत शिरायचं, मूळ ‘पीएस’ काढून तिच्या जागी सारखीच दिसणारी पण ठरावीक नावं गाळणारी प्रत ठेवायची, आणि वहीतली आपली ओळ कोरी करायची. नंतरच्या पिढीने कर्नललाच खोटं बोलायला शिकवलं. मग खरी ‘पीएस’ही फसते. लॉगच्या नोंदी त्याच क्षणी दुसऱ्या यंत्रावर पाठवून ठेवाव्यात, हा सल्ला प्रत्येक जाणता अॅडमिन देतो तो यामुळे.

स्टॉल यांचा तपास सुरू झाल्यावर दोनच वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी, अमेरिकेतल्या विद्यापीठांचे सर्व्हर एकामागून एक मंदावू लागले. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्राम यंत्रांमधून आपली पिल्लं पसरवत चालला होता. त्याचा एक मार्ग वर आलेल्या फिंगरमधूनच जात होता. परक्या यंत्राची चौकशी ऐकून घेणारा फिंगरचा प्रोग्राम येणाऱ्या ओळीची लांबी तपासत नसे, त्यामुळे त्याला ५१२ अक्षरांहून लांब ओळ पाठवली की त्याचा ताबा घेता यायचा. आत आलेला हा कीडा ‘पीएस’पासून लपायची काळजी घेत होता. आपलं नाव बदलून तो ‘एसएच’, म्हणजे कुठल्याही यंत्रावर डझनांनी असतो तसा साधा शेल, बनून बसायचा. आणि मधूनमधून स्वतःची नवी प्रत जन्माला घालून जुनी मारायचा, म्हणजे प्रोसेसचा क्रमांकही टिकत नसे आणि एकाच क्रमांकावर वापराचा मोठा आकडाही साचत नसे. तरी तो पकडला गेला. नाव खोटं होतं, क्रमांक फिरता होता, पण एकाच यंत्रावर त्याच्या अनेक प्रती साचून यंत्रावरचा भार चढत होता, आणि तो आकडा लपवायची सोय त्याच्याकडे नव्हती.

त्या आकड्याला लोड अॅव्हरेज म्हणतात. ‘डब्ल्यू’च्या पहिल्याच ओळीत शेवटी जे तीन आकडे येतात ते गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. युनिक्सने ते टेनेक्स या आधीच्या प्रणालीकडून घेतले. मूळ अर्थ सोपा: प्रोसेसरवर चालू असलेल्या आणि त्याची वाट पाहत उभ्या असलेल्या प्रोसेस सरासरी किती. चार प्रोसेसरच्या यंत्रावर ४ म्हणजे सगळे कामात, ८ म्हणजे जेवढे कामात तेवढेच रांगेत. लिनक्समध्ये मात्र १९९३ मध्ये एक बदल झाला. डिस्कची किंवा तत्सम कशाची वाट पाहत अडकलेल्या, हाकेला ओ न देणाऱ्या प्रोसेसही या मोजणीत धरल्या जाऊ लागल्या. म्हणून लिनक्स सर्व्हरवर भार ६० आणि प्रोसेसर मात्र जवळपास रिकामा, असं दृश्य दिसतं. अशा वेळी प्रोसेसर वाढवून मागणं हा पैशांचा अपव्यय आहे. ‘पीएस’च्या अवस्थेच्या रकान्यात ‘डी’ अक्षर शोधावं. बहुधा नेटवर्कवरची एखादी डिस्क गप्प झालेली असते आणि सगळ्या प्रोसेस तिच्या दाराशी अडकलेल्या असतात.

त्याच रकान्यातलं ‘झेड’ हे अक्षर लोकांना विनाकारण घाबरवतं. झेड म्हणजे झोंबी. ती प्रोसेस मेलेली आहे, मेमरी परत करून बसलेली आहे. फक्त तिचा निकाल तिच्या जन्मदात्या प्रोसेसने अजून उचललेला नाही म्हणून यादीत ओळ उरली आहे. तिच्यावर किल चालवून उपयोग नाही, मेलेल्याला काय मारणार! जन्मदातीकडे पाहावं. तीच मेली तर पहिल्या क्रमांकाची प्रोसेस या पोरक्यांना आपल्याकडे घेते आणि नोंद मिटवते. एक-दोन झोंबी असल्या तर दुर्लक्ष करावं, शेकडो साचल्या तर प्रोग्राम लिहिणाऱ्याला गाठावं.

‘टॉप’बद्दल थोडक्यात. विल्यम लफेव्र यांनी ती १९८४ मध्ये राइस विद्यापीठात असताना लिहिली, व्हीएमएस प्रणालीवरच्या तशाच सोयीवरून. ती क्षणाक्षणाला ताजी होणारी यादी असल्यामुळे सगळे आधी तिच्याकडे धावतात. मी जरा कमी धावतो. हलत्या यादीकडे माणूस बघतच राहतो, आणि तिथे दिसतो तो बहुतेक वेळा आजाराचा परिणाम.

एक गोष्ट ‘पीएस’ गरजेपेक्षा जास्त सांगते: प्रोसेस सुरू करताना लिहिलेली अख्खी ओळ. डेटाबेसचा पासवर्ड त्या ओळीत टाकला तर तो त्या सर्व्हरवरच्या प्रत्येकाला वाचता येऊ शकतो. काही प्रोग्राम तो लगेच पुसतात, काही नाही. लिनक्सवर दुसऱ्याच्या प्रोसेस लपवायची सोय आहे, पण ती आपोआप लागू नसते. पासवर्ड फाइलमधून द्यावा, हे उत्तम.

हे सगळं बहुतेक त्या काळात घडलं जेव्हा एका यंत्रावर अनेक माणसं बसत. आपल्याकडे १९९५ मध्ये व्हीएसएनएलने इंटरनेट आणलं तेव्हा शेल खात्यावरून पाइन आणि लिंक्स वापरणारी पिढीही, बऱ्याचदा नकळत, अशाच सामायिक युनिक्स यंत्रावर बसलेली होती. आज ‘हू’ चालवली तर पडद्यावर बहुधा आपण एकटेच. गर्दी मात्र ‘पीएस’मध्ये असते, आणि तिचे मालक माणसं नसतात: वेबसर्व्हरचं खातं, डेटाबेसचं खातं, लॉग गोळा करणाऱ्याचं खातं. कंटेनरमध्ये शिरलं तर ‘हू’ काहीच बोलत नाही, कारण तिथे वही ठेवणारंच कुणी नसतं. मूळ वहीचेही दिवस भरत आले आहेत. तिच्यातला वेळेचा रकाना ३२ बिटांचा असल्यामुळे १९ जानेवारी २०३८ नंतर तो पुरणार नाही, म्हणून अनेक लिनक्स वितरणांनी ती हळूहळू बाजूला सारून नव्या नोंदवह्या आणायला सुरुवात केली आहे. या पुस्तकात जुनी रीत आधी येते, नवी नंतर. चालू असलेल्या जुन्या सर्व्हरची संख्या पाहता हा क्रम मला अजून योग्य वाटतो.

आलेख काढणाऱ्या आणि फोनवर इशारे पाठवणाऱ्या देखरेख-साधनांवर यात प्रकरण नाही. ती चांगली आहेत, त्यांच्यावर पुस्तकंही आहेत. पण रात्री इशारा आल्यावर शेवटी कुणीतरी सर्व्हरवर लॉगइन होतंच, आणि तिथून पुढचं हे पुस्तक सांगतं.

वाचताना समोर टर्मिनल उघडं असू द्यावं. इथल्या बहुतेक कमांड्स नुसत्या पाहतात, काही मोडत नाहीत. ‘किल’चं प्रकरण येईल तेव्हा मात्र ‘स्लीप ३००’ अशी स्वतःची निरुपद्रवी प्रोसेस सुरू करावी, ‘पीएस’मध्ये तिचा क्रमांक शोधावा आणि तिच्यावरच हात साफ करावा. आधी साधा किल द्यावा, प्रोसेसला आवराआवर करायची संधी मिळते. नऊ क्रमांकाचा किल ती संधी देत नाही, तो अगदी शेवटी.